एलायच्या तळघरातली चार झाडं

लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती, पण एलाय प्लॉटनिकॉफच्या कारखान्यातल्या खताचा एक दाणासुद्धा त्याच्या बायकोच्या वाफ्यात कधी पडला नव्हता.

एलाय कोलंबिया नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या खतकारखान्यात एकतीस वर्षं नोकरीला होता. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवयांवर पांढरी पूड बसलेली असायची. लुशा त्याला दारातच अडवायची. "कपडे बाहेर काढ. आधी अंघोळ, मग जेवण." तोही मुकाट्याने बाहेर कपडे काढायचा. हिवाळ्यात कुडकुडत काढायचा.

लग्न झालं त्याच वसंतात त्याने कारखान्यातून खताची एक गोणी खांद्यावर घालून आणली होती. कामगारांना वर्षाला एक मिळायची. नव्या नवरीच्या पुढ्यात ती ठेवून तो म्हणाला, "बागेत टाक. बघ बटाटे कसे येतात."

"का? माझ्या बटाट्यांना मी उपाशी ठेवलंय का?" लुशा म्हणाली.

गोणी शेडमध्ये गेली. तिथली ओल पिऊन पिऊन वर्षभरात तिचा धोंडा झाला. शेडचं दार वाऱ्याने आपटायचं, म्हणून लुशाने तो धोंडा दाराला टेकण म्हणून लावला. येता-जाता एलाय तो बघायचा. 

दोघंही दुखोबोर पंथाचे. बंदुका जाळून, रशिया सोडून इथे ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांत येऊन राहिलेल्यांची नातवंडं. घरात मांस नाही, दारू नाही, तंबाखू नाही. जमीन मात्र सोन्यासारखी जपायची. लुशाच्या आजीचं म्हणणं असे की मातीला जे वाढाल तेच ती ताटात परत वाढते. लुशाने ते गाठीला बांधून ठेवलं होतं. शेजारच्या कोन्किनकडचं शेळ्यांचं खत, पाचोळा, बिटाच्या साली, चुलीतली राख असं सगळं तिच्या तीन लाकडी खोक्यांत कुजत असायचं. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने चोवीस वर्षं काम केलं, तिथलीही भाजीची देठं ती बादलीने घरी आणायची. ते राहत त्या ऊतिशेनियाच्या पठारावर तिच्यासारखा कोबी कुणाचा नव्हता. हे ती स्वतः म्हणत नसे. लोकांनी म्हणावं म्हणून थोडी थांबायची, एवढंच.

साठी उलटली आणि लुशाच्या हातांनी दगा दिला. आधी सकाळी बोटं आखडायची, मग दिवसभर. सांधे सुजून आल्याच्या कांड्यांसारखे झाले. डॉक्टरांच्या गोळ्यांनी पोट बिघडायचं. एका रविवारी प्रार्थनेला जाण्याआधी डोक्याचा रुमालसुद्धा तिला बांधता येईना. एलायने बांधून दिला. हनुवटीखाली त्याने मारलेली गाठ गोणीच्या तोंडाला मारावी तशी होती.

"सोड, गळा आवळतोस," ती म्हणाली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याच रविवारी भजनातल्या एका बाईने तिला बाजूला घेऊन मलमाची एक डबी हातात सरकवली. गांजाच्या फुलोऱ्याचं मलम होतं ते. चार-पाच दिवस चोळल्यावर लुशाला सुरी धरता येऊ लागली. दुखणं गेलं नव्हतं, पण शेजारच्या खोलीत जाऊन बसल्यासारखं झालं होतं.

"हे प्यायचं नाही, ओढायचं नाही, नुसतं चोळायचं," तिने एलायला तीन वेळा सांगितलं. त्याने काही विचारलंच नव्हतं.

त्याची मोठी बहीण मेबल मात्र विचारल्याशिवाय राहणारी नव्हती. मेबल चौऱ्याहत्तर वर्षांची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, अजून स्वतःचा ट्रक चालवणारी. तिच्या जिभेला लगाम असा नव्हताच.

"रविवारी भजन आणि सोमवारी गांजा. छान चाललंय तुझं!"

"आपल्या आज्या याच जातीच्या झाडाचं तेल काढायच्या, मेबल. दोर वळायच्या. उपासाला त्याच तेलात बटाटे तळायच्या."

"आज्या त्याला विजेचे दिवे लावायच्या नाहीत."

दिव्यांची गोष्ट खरी होती. डबी संपत आली तशी एलायने चौकशी केली. कायद्याने घरटी चार झाडं लावता येत होती. बाहेर लावावीत तर रस्त्यावरून दिसता कामा नयेत, आणि त्या डोंगरात शरदातल्या पावसाने फुलोऱ्याला बुरशी धरायची. म्हणून एलायने तळघरात, कपडे धुण्याच्या टाकीशेजारी, चांदीसारख्या कापडाचा एक तंबू उभा केला. दिवा, पंखा, घड्याळ, सगळं टापटीप. मग एके दिवशी तो चार बादल्या घेऊन आला, आणि त्यांत भरायला नारळाच्या काथ्याचा भुसा.

लुशा जिन्यावर उभी राहून बघत होती. "ही माती आहे?"

"माती नाही. यात अन्नाचा कण नसतो. मुळांना नुसता आधार. अन्न मी देणार, पाण्यातून, मोजून."

"म्हणजे पायपुसण्यात झाड लावणार तू."

"बाग तुझी आहे लुशा. तळघर माझं आहे."

 वाटणी जुनी होती आणि तिनेच केलेली होती.

एलायने आणलेलं खत म्हणजे कारखान्यातलं नव्हे. ते शेतासाठीचं, कुंडीत घालणं म्हणजे तहानेल्याला समुद्राचं पाणी पाजणं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याने पाण्यात पूर्ण विरघळणारी पूड आणली, ग्रॅमचा काटा आणला, पाण्यातला क्षार दाखवणारं पेनाएवढं मीटर आणलं. निळ्या कव्हरची एक वही केली. निवृत्त झाल्यापासून तो इतक्या उत्साहात कधी दिसला नव्हता. जेवतानासुद्धा आकडे सांगायचा.

"कोवळ्या रोपाला कमी, फुलोऱ्याला जास्त. झाडाला शेण कळत नाही की पूड कळत नाही. शेवटी मूळ जे शोषतं ते क्षारच. तुझं शेळीचं खत कुजून कुजून जिथे पोचतं, तिथे मी पहिल्या दिवशी पोचतो."

"आणि वाटेत जे किडे, गांडुळं, बुरशा जेवतात त्यांचं काय?"

"तळघरात मला पाहुणे नकोत."

"क्षार म्हणजे मीठच ना शेवटी?"

एलायने पाव खाली ठेवला. "प्रार्थनाघरात टेबलावर काय असतं? पाव, मीठ आणि पाणी. मग माझ्याच मिठाला नावं का ठेवतेस?"

लुशाने त्याच्या वाडग्यात आणखी बोर्श, बिटाचं सार, वाढलं.

पहिलं पीक एलायच्या पद्धतीने आलं. पानांची टोकं जरा करपली, पण फुलोरा मुठीएवढा आणि जड. लुशाने तो वाळवून, मंद भट्टीत गरम करून, सूर्यफुलाच्या तेलात मुरवला आणि मेण घालून मलम केलं. मलमाचा गुण आला. तरी चोळताना दर वेळी तिच्या मनात यायचं, जे मी कोबीला कधी दिलं नाही ते माझ्या कातडीला देतेय.

दुसऱ्या पिकाच्या वेळी तिने सरळ सांगितलं, "चारातली दोन माझी. माझ्या मातीत."

एलायने मान हलवली. "घे. पण पुढे रडू नकोस."

रडायची वेळ महिनाभरात आलीच. तिच्या खोक्यातल्या खताबरोबर चिलटांची अंडी तळघरात उतरली, आणि दिव्याच्या उबेत त्यांचं गोकुळ झालं. चिलटं जिना चढून वर आली. रविवारी मेबल जेवायला आली तेव्हा तिच्या बोर्शमध्ये शेपूबरोबर दोन चिलटं पोहत होती.

"आपल्याकडे मांस चालत नाही ना?" चमचा उंच धरून मेबलने विचारलं.

एलाय इतका हसला की त्याला ठसका लागला. लुशाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण ती हार मानणारी नव्हती. तिने नदीवरची बारीक वाळू आणून धुतली, भाजली आणि कुंड्यांवर दोन बोटं जाड थर दिला, पाणी वरून घालायचं थांबवून खालच्या थाळीतून दिलं. तीन आठवड्यांत चिलटं गेली. तिची दोन झाडं बुटकी राहिली, पण पानं गडद आणि मऊ. एलाय रोज चारही झाडांसमोर स्टूल टाकून बसायचा आणि वहीत लिहायचा. काय लिहितोस, हे लुशाने कधी विचारलं नाही.

पुढच्या वर्षीच्या जानेवारीत, तिसरं पीक फुलोऱ्याच्या पाचव्या आठवड्यात असताना, एलाय पाण्याची बादली घेऊन जिना उतरत होता. मधल्या पायरीवर तो बसला. बादली त्याने सांडू दिली नाही, हळूच बाजूला ठेवली. लुशाने वरून हाक मारली तर म्हणाला, "छातीवर कुणीतरी गोणी ठेवल्यासारखं वाटतंय."

आधी गावातलं रुग्णालय, मग विमानाने केलोनाचं मोठं रुग्णालय. छाती उघडून तीन शिरा बदलल्या. मेबलने ट्रकने लुशाला पॉल्सनचा घाट पार करून नेलं. रस्त्यात बर्फ पडत होतं आणि मेबल शिव्या घालायच्या ठिकाणी स्तोत्रं म्हणत होती.

चौथ्या दिवशी एलाय उशीला टेकून बसला. छातीशी एक छोटी उशी धरून खोकायचं त्याला शिकवलं होतं. ती उशी धरून तो पहिलं वाक्य बोलला ते असं: "झाडांना पाणी कोण घालतंय?"

"झाडं मरू देत," लुशा म्हणाली.

"का मरू देत? इथे डॉक्टर आहेत, व्हर्ना आहे." व्हर्ना त्यांची मुलगी, केलोनातच राहणारी. तीन आठवडे तिच्याकडेच राहायचं ठरलं होतं. "तू घरी जा. सगळं वहीत आहे."

लुशा घरी आली. तळघरात उतरली तेव्हा एलायची दोन झाडं माना टाकून उभी होती. भुशातलं पाणी संपलं होतं. तिची दोन, थाळीतल्या ओलीवर, बरी होती.

मेबल मागून जिना उतरली. "आता तुझं राज्य. टाक त्याच्या बादल्यांत तुझं खत. त्याला कळणार आहे थोडंच?"

लुशाच्या मनात ते आलं नव्हतं असं नाही. खोक्यातलं खत एक रात्र पाण्यात भिजवून ते पाणी चारही झाडांना घालायचं, इतकं सोपं. त्या पुड्या उघडायच्या नाहीत, तो काटा हातात धरायचा नाही.  मेबल गेल्यावर ती एलायच्या स्टुलावर बसली आणि निळी वही उघडली.

अक्षर बारीक, कारखान्यातल्या नोंदीसारखं. डाव्या पानावर त्याची झाडं, उजव्या पानावर तिची. तिच्या झाडांच्या नोंदी असतील हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. चिलटांच्या दिवसातली नोंद अशी होती: 'वाळूचा थर दिला. हुशारीची गोष्ट. मला सुचली नसती.' पुढे एके ठिकाणी: 'लु.ची दोन. काहीही दिलेलं नाही, नुसतं पाणी. करपणं शून्य. वास माझ्यापेक्षा चांगला. वजन कमी भरेल, पण मलमाला वजन लागत नाही.' आणि खाली, वेगळ्या दिवशी, वेगळ्या पेनाने: 'तिला सांगायला हवं.'

लुशा बराच वेळ ते पान बघत बसली. सांगितलं का नाहीस रे, असं तिला मोठ्याने म्हणावंसं वाटलं. मग मनातच उत्तरही आलं. एकतीस वर्षं ज्याला दारात कपडे उतरवायला लावले, तो माणूस काय सांगणार?

ती उठली, पुडीच्या डब्याचं झाकण उघडलं. त्याच्या झाडांना त्याचंच खत द्यायचं, जसं लिहिलंय तसं, हे तिने ठरवून टाकलं. काटा लावला. वहीत लिटरला ग्रॅम दिलेले होते. दुखऱ्या बोटांनी तिने सहा सहा ग्रॅम मोजले, पाण्यात ढवळले, दोन्ही बादल्यांना घातले. कपाळावर घाम आला होता. पहिल्यांदा बाळाला अंघोळ घालावी तसं तिला झालं होतं.

एलाय दशांशाच्या टिंबाआधी शून्य लिहीत नसे. आकडा सहा नव्हता, दशांश सहा होता.

दुसऱ्या दिवशी पानांची टोकं वळली. तिसऱ्या दिवशी कडा तांबूस झाल्या, जणू कुणी काडी पेटवून फिरवली. लुशाने पुन्हा वही बघितली, चष्मा पुसून बघितली, आणि ते टिंब तिला दिसलं.

संध्याकाळी एलायचा फोन आला. "झाडं कशी आहेत?"

"बरी आहेत," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात नुसती उभी राहिली. खोटं बोलण्याची तिला सवय नव्हती. चुलीवरची लापशा, शेवयांचं सूप, तीसुद्धा तिने ढवळली नाही, तळाला लागली. रात्रभर कूस बदलत राहिली. एलायला एव्हाना रुग्णालयातून व्हर्नाकडे सोडलं होतं; सकाळी तिथला फोन लुशाने स्वतःहून लावला.

"एलाय, मी तुझी झाडं मारली."

पलीकडून एलायने विचारलं, "कशी?"

तिने सांगितलं. टिंब, सहा ग्रॅम, सगळं. "आणि काल मी खोटं बोलले. ते आधी सांगायला हवं होतं."

"लुशा," तो म्हणाला, "तू माझी पूड घातलीस?"

"हो."

"तुझ्या हाताने?"

"मग काय शेळीच्या हाताने?"

तो हसायला लागला आणि लगेच कण्हला. उशी कुठंय, उशी, असं व्हर्ना ओरडलेलं ऐकू आलं. श्वास सावरल्यावर तो म्हणाला, "मला वाटलं होतं तू पहिल्याच दिवशी ती फेकून देशील आणि खत घालशील. मी गृहीतच धरलं होतं."

"मेबल तेच म्हणत होती."

"मग का नाही घातलंस?"

लुशाने वायर बोटाला गुंडाळली. "तुझी झाडं होती." आणि मग, न ठरवता, "मी वही वाचली. दोन्ही पानं."

पलीकडे त्याने उशी सरकवल्याची खसखस ऐकू आली.

"तू मला कधी कारखान्याचं काही सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"तू कधी विचारलं नाहीस." आवाजात राग नव्हता. हवामान सांगावं तसं त्याने ते सांगितलं, आणि म्हणूनच तिला ते लागलं.

"आता विचारते. काय करायचास तू दिवसभर?"

एलाय आधी अडखळला. मग सांगू लागला. दाणे मोठ्या फिरत्या पिंपात कसे तयार होत, पिंपाच्या आवाजावरून ओल किती आहे हे त्याला कसं कळे. एकदा नव्या इंजिनियरने मीटर बघून सगळं ठीक आहे म्हटलं आणि एलायने नुसता कान लावून पिंप बंद करायला लावलं, आणि आत धोंडा जमलेला निघाला. त्या गोण्या डोंगरांपलीकडे प्रेअरीच्या सपाट मुलखात कुठल्या गावांना जायच्या, तिथल्या एका गहूवाल्याने कामगारांना पेटीभर मध कसा पाठवला होता. लुशा खुर्ची ओढून बसली. मध्ये फक्त "मग?" म्हणत राहिली. चहा निवून गेला.

शेवटी तोच म्हणाला, "बरं, झाडं मेली नसतील अजून. ऐक. साधं पाणी ओत, बादलीच्या तिप्पट. खालून वाहून जाऊ दे. मीटर बुडव, आकडा उतरेपर्यंत ओतत राहा. एकटीने उचलू नकोस."

लुशाने मेबलला बोलावलं. ती येईपर्यंत तिने टाकीत कोमट पाणी काढून ठेवलं. मग डोक्याला रुमाल बांधलेल्या त्या दोन म्हाताऱ्यांनी एकेक बादली दोन्हीकडून धरून टाकीत उचलून ठेवली आणि तांब्या तांब्याने पाणी ओतायला सुरुवात केली. मेबल मीटरचे आकडे मोठ्याने वाचत होती, बिंगोच्या हॉलमध्ये वाचतात तसे.

"देवा रे," ती मध्येच म्हणाली, "माझ्या भावाच्या गांजाला मी अंघोळ घालतेय. प्रार्थनाघरात कुणाला सांगू नकोस."

"तूच सांगशील. उद्यापर्यंत तुझ्या पोटात राहणार आहे का?"

"नाही राहणार," मेबलने कबूल केलं आणि आणखी एक तांब्या ओतला. थोड्या वेळाने, नजर पाण्याकडेच ठेवून, "ते मलम गुडघ्याला चालतं का गं?"

दोनपैकी एक झाड सावरलं. दुसऱ्याची पानं गळाली, फुलोरा तेवढा काठीला चिकटून राहिला, सुकलेल्या आईला बिलगलेल्या पोरासारखा. लुशा रोज सकाळी फोनवर दोघांचं वर्तमान द्यायची, आणि एलाय तिला कारखान्यातला एक तरी किस्सा सांगायचा. तीन आठवड्यांत तिला त्याच्या पाळीतल्या सगळ्यांची नावं पाठ झाली.

फेब्रुवारीच्या मध्यावर एलाय घरी आला. रोडावलेला, छातीवर उभी लाल रेघ, दुधाच्या डब्याहून जड काही उचलायचं नाही अशी ताकीद. जिना उतरायला त्याला पाव तास लागला. लुशा त्याच्या पुढे एक पायरी उतरत होती, पडलाच तर आपल्यावर पडेल म्हणून.

तो त्या मेलेल्या झाडापाशी थांबला. सुकलेली फांदी बोटाने हलवली. 

"माझी चूक," तो म्हणाला. "शून्य लिहायला हवं होतं."

दोघांनी मिळून काढणी केली. तिची बोटं कात्री फार वेळ धरू शकत नव्हती, त्याचे हात खांद्याच्या वर जात नव्हते. ती फांदी धरायची, तो पानं छाटायचा. वजन केलं तेव्हा त्याचं एकटं वाचलेलं झाड तिच्या दोन झाडांच्या जवळपास भरलं. लुशाने ते त्याच्याआधी मोठ्याने सांगितलं. वास मात्र तिच्या झाडांचा, तळघरभर, देवदाराची साल आणि संत्र्याची साल एकत्र कुस्करावी तसा. तो त्याने मान्य केला. मलमात मात्र सगळं एकत्रच गेलं, आणि हातांना कुठल्या झाडाचं काय लागलं ते कळलं नाही.

पुढचं पीक कसं लावायचं हा प्रश्न मार्चमध्ये आला. लुशाने मनाशी ठरवलं होतं की दोन-दोन हीच वाटणी ठेवायची, आता ती मोडायची नाही.

"चारही मातीत लाव," एलाय म्हणाला.

ती चमकली. "दया दाखवतोस का?"

"दया कसली? माझ्या पद्धतीत रोज मोजायचं, रोज पाणी वाहायचं, वाहिलेलं उपसायचं. मला उचलता येत नाही, तुला टिंब दिसत नाही. तुझ्या मातीला एकदा नीट वाढलं की दोन महिने नुसतं पाणी. दोन मोडक्या माणसांना तीच परवडते." जरा थांबून म्हणाला, "माणसं धडधाकट असती तर मी माझंच म्हणणं लावून धरलं असतं, हे लक्षात ठेव."

"ठेवते," लुशा म्हणाली. तिला जिंकल्यासारखं वाटलं नाही. उलट थोडं रितं वाटलं. ज्यावरून इतकी वर्षं भांडलो तो प्रश्न एका आजारपणाने परस्पर सोडवून टाकला होता. त्या उन्हाळ्यात मक्याची एक ओळ पिवळी पडली तेव्हा तिने त्याला विचारलंही, की तुझी पूड इथे चालेल का. एलायने ओळीवरून चक्कर मारली आणि म्हणाला, "हिला पूड नको, पाणी तुंबलंय. चर काढ." तो चर मेबलच्या मुलाने काढला आणि मका सुधारला.

त्याआधी, एप्रिलच्या अखेरीस, डॉक्टरांनी एलायला गाडी चालवायची परवानगी दिली. पहिल्या दिवशी कुठे जायचं, असं त्याने विचारलं.

"तुझा कारखाना दाखव," लुशा म्हणाली.

"तिथे काय बघायचंय? कुंपण आहे."

"कुंपणाबाहेरून दाखव."

अर्ध्या तासाचा रस्ता. एक्केचाळीस वर्षांत ती त्या वळणावरून शेकडो वेळा गेली असेल, पण गाडी थांबवून कधी बघितलं नव्हतं. एलायने टेकडीवरच्या रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली. खाली छपरं, नळ, पांढरी वाफ, आणि त्यांच्या पलीकडे नदी. लुशाने फडक्यात बांधून आणलेल्या, सारण भरून भाजलेल्या पिराही सोडल्या, कोबीच्या दोन आणि वाटाण्याच्या दोन. पीठ तिनेच मळलं होतं.

"ते लांब छप्पर दिसतं का? हिरवं. त्याच्या डाव्या टोकाला माझं पिंप होतं. आता रंग नवा दिलाय."

"खिडकी होती?"

"एक होती. नदी दिसायची. मी डबा तिथे बसून खायचो."

"आणि हिवाळ्यात गारठायचास?"

"छे! आत उकडायचं. हिवाळ्यात तर बरं वाटायचं." तो पिराहीचा घास घेत म्हणाला. "थंडी वाजायची ती घरी, कपडे बाहेर काढताना."

लुशाने त्याच्याकडे बघितलं. तो समोर बघत खात होता, तोंडावर काही नव्हतं. तिने दुसरी पिराही त्याच्या मांडीवर ठेवली आणि विचारलं, "पाळी सुटल्यावर कुठल्या फाटकातून बाहेर पडायचास?"

त्याने हात लांब करून दाखवलं.